घराच्या जमिनीखालचे घट



आजच्या व्याख्यानाचा फलक वाचून खाली चहाच्या वेळी दोघातिघांनी मला विचारलं, की सर, दिघीत बसून तुम्ही मेक्सिकोच्या थडग्यांवर काय बोलणार? फलकावर 'मृतांसाठी घडवलेली माती' असं लिहिलंय आणि शेजारी एका लठ्ठ, हसऱ्या कुत्र्याचं चित्र आहे. प्रश्न रास्त आहे. त्या कुत्र्यापासून सुरुवात करतो, पण आपल्याला जायचंय ते घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात. इथून गाडीने दोन-अडीच तास.

आधी एक सांगतो. मी पुरातत्त्वाचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. खोदकाम कसं करावं हे मला कळत नाही, पण खोदून निघालेल्या वस्तूवरून माणसं काय काय निष्कर्ष काढतात आणि ते कसे काढतात, त्यात मला रस आहे. आपले नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करायला शिकवतात. पुरातत्त्ववाल्यांकडे धूरसुद्धा नसतो. तीन हजार वर्षांपूर्वी विझलेल्या चुलीची राख असते, आणि त्यावरून त्या चुलीपाशी बसलेली बाई काय विचार करत होती ते सांगायचं असतं.

तर तो कुत्रा. मेक्सिकोच्या पश्चिम भागात कोलिमा, हालिस्को आणि नायारित अशी तीन राज्यं आहेत. कोलंबस तिकडे पोचण्याच्या कितीतरी आधी, साधारण इसवी सनापूर्वी ३०० ते इसवी सन ४०० या काळात, तिथले लोक आपल्या मेलेल्या माणसांसाठी जमिनीत विहिरीसारखा खोल उभा बोगदा खणत. तळाशी बाजूला एक-दोन खोल्या कोरत. त्या खोल्यांत मृतांना ठेवत आणि त्यांच्याबरोबर भाजलेल्या मातीच्या पोकळ मूर्ती ठेवत. त्यात नवरा-बायकोच्या जोड्या असत, चेंडू खेळणारे गडी असत, अख्ख्या घरांच्या छोट्या प्रतिकृती असत. आणि कोलिमात हे कुत्रे, तांबूस, घोटून चकचकीत केलेले, पोट सुटलेले. तुमच्या नातवंडांनी 'कोको' नावाचा सिनेमा पाहिला असेल, २०१७ सालचा. त्यातला तो केस नसलेला कुत्रा याच जातकुळीचा.

आता बघा, हा कुत्रा थडग्यात कशासाठी? एक उत्तर असं, की मेलेल्याच्या जिवाला पलीकडच्या नदीतून पार नेण्यासाठी. हे उत्तर कुठून आलं? स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात तिथे गेले तेव्हा सहागुन नावाच्या एका पाद्र्याने अ‍ॅझ्टेक लोकांच्या समजुती लिहून ठेवल्या, त्यात कुत्रा मृताला नदीपार नेतो असं आहे. पण कोलिमाचे कुत्रे त्याच्या हजारबाराशे वर्षं आधीचे, आणि लोकही वेगळे. दुसरं उत्तर असं, की तिकडे कुत्री पाळून, खाऊ घालून, लठ्ठ करून खात असत, म्हणजे ही मृतासाठीची शिदोरी. एकच कुत्रा आहे. एकाच्या मते वाटाड्या, दुसऱ्याच्या मते जेवण.

हे भांडण मिटत नाही, त्याचं एक मोठं कारण आहे. जगभरच्या संग्रहालयांत या ज्या मूर्ती आहेत त्यांतल्या बहुतेक चोरांनी काढलेल्या आहेत. दिएगो रिवेरा हा थोर चित्रकार, त्यानेही अशा मूर्ती वेडासारख्या जमवल्या. मेक्सिको सिटीत आनाउआकाय्यी नावाचं त्याचं संग्रहालय १९६४ साली उघडलं. मूर्ती सुंदर आहेत. पण कुठल्या थडग्यातली, कोणाच्या उशाशी होती, पुरुषाजवळ की मुलाजवळ, बरोबर आणखी काय होतं, हे सगळं गेलं. हालिस्कोत उइत्सिलापा इथे १९९३ मध्ये चोरांचा हात न लागलेलं एक मोठं थडगं अभ्यासकांच्या हाती आलं, तेव्हा केवढा आनंद झाला! कारण तोवर हजारो वाक्यं सुटी सुटी होती, संदर्भ कशालाच नव्हता.

हा संदर्भाचा मुद्दा लक्षात असू द्या. मी त्याच्याकडे परत येणार आहे, भोसरीच्या निमित्ताने.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात अशा मूर्ती पुरल्या का? सरळ उत्तर, मेक्सिकोसारख्या नाहीत. पण आपल्याकडे जे आहे ते मला जास्त अस्वस्थ करतं.

इनामगाव. पुण्याच्या पूर्वेला ऐंशीएक किलोमीटरवर, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. हसमुख धीरजलाल सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मुख्य नावं. एकच वस्ती, वर्षानुवर्षं परत परत जाऊन, आडवी पसरून खणली. एक खड्डा मारून थर मोजले आणि निघाले, असं केलं नाही. त्यामुळे शंभराहून जास्त घरं उजेडात आली. शेतकऱ्यांचं गाव होतं. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास वसलं, ७०० च्या सुमारास उठलं. म्हणजे नऊशे वर्षं नांदलं. आपली पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० सालची, महानगरपालिका १९८२ ची. प्रमाण लक्षात घ्या!

या नऊशे वर्षांचे अभ्यासकांनी तीन भाग केलेत. पहिला माळवा काळ, मग आद्य जोर्वे, मग उत्तर जोर्वे. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, तिथे १९५०-५१ मध्ये ही विशिष्ट भांडी प्रथम मिळाली म्हणून ते नाव. जोर्वे भांडं म्हणजे चाकावर घडवलेलं, चांगलं भाजलेलं, तांबडं-नारिंगी, त्यावर काळ्या रंगाची नक्षी. वाजवलं तर खणखणीत वाजतं. त्यातला एक घाट फार देखणा आहे. पोट मध्ये धारदार वळलेलं, आणि बाजूला तोटी. ही तोटी विसरू नका.

आणि या गावात लोक आपली मेलेली माणसं गावाबाहेर नेत नव्हते. घरात पुरत होते. राहत्या घराच्या जमिनीखाली, नाहीतर अंगणात. वर संसार चालू, सारवण चालू, चूल पेटलेली, आणि खाली ती.

अशी दोनशेहून अधिक दफनं इनामगावला मिळाली. त्यांतली बहुतेक लहान मुलांची.

मूल पुरायची रीत अशी. हाताने घडवलेले राखी रंगाचे दोन मोठे घट घ्यायचे. एका खड्ड्यात ते आडवे ठेवायचे, तोंडाला तोंड लावून. मूल त्या दोन घटांच्या आत. जवळ एक तोटीचं भांडं आणि एक वाडगा. वरून माती लोटायची आणि जमीन पूर्ववत करायची. असे घट नेवाशाला मिळाले, दायमाबादला मिळाले, आंबेगाव-खेडच्या बाजूला घोडेवर चांडोली आहे तिथेही मिळाले. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या भोकातला दोरा कुजायचा राहिला, आणि तो तपासला तर कापूस आणि रेशीम निघालं. चांडोलीच्या माळेचा दोरा जवसाच्या झाडाच्या तंतूचा. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बसून ओवलेली माळ, आणि ती त्या पोराच्या गळ्यातून काढून घेतली नाही. तांबं तेव्हा स्वस्त नव्हतं हो. लांबून आणावं लागे.

नेवासं म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते. ती तिथेच सांगितली गेली. तिच्या अडीच-तीन हजार वर्षं आधी त्याच प्रवरेच्या काठावर हे घट पुरले जात होते. दोहोंचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. नुसतं सांगितलं.

हे घट पाहायचे असतील तर लांब जायची गरज नाही. आपल्या आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीकडे निघा, पुढे येरवड्याच्या अंगाला डेक्कन कॉलेज आहे. तिथल्या पुरातत्त्व विभागाच्या संग्रहालयात इनामगावची दफनं मांडलेली आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पन्नाशी उलटली होती. विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. पोरं पुढे निघून गेली, मी त्या दोन घटांपाशी उभा राहिलो.

मोठ्या माणसांची रीत वेगळी. त्यांना उताणं, सरळ निजवायचं, डोकं उत्तरेला. आणि पाय घोट्याच्या खाली नाहीत. म्हणजे पावलं नाहीत.

ढवळीकरांनी आणि इतरांनीही याचा अर्थ असा लावला, की मेलेल्या माणसाने उठून जाऊ नये, भूत होऊन हिंडू नये, म्हणून पावलं तोडली. आता हे ऐकल्याबरोबर आपल्या माना हलतात. कारण भुताचे पाय उलटे असतात हे आपल्याला आजीने सांगितलेलं असतं. पाय आणि भूत हा संबंध आपल्या डोक्यात आधीच आहे. कोलिमाचा कुत्रा आणि सहागुनची वही, तसंच हे. मधली अडीच-तीन हजार वर्षं आपण एका उडीत ओलांडतो.

जरा पायरीपायरीने पाहू. सांगाड्यात पावलांची हाडं नाहीत, हे निरीक्षण. एखाद्या सांगाड्यात नसती तर आपण म्हणलो असतो की उंदराघुशींनी नेली, नाहीतर नंतर कोणी खड्डा खणला त्यात गेली. पण परत परत, प्रौढांच्याच बाबतीत, तिथेच नसतात. म्हणजे अपघात नाही, रीत आहे. इथपर्यंत अनुमान भक्कम आहे. रीत होती म्हणजे त्यामागे काही हेतू होता, हेही ठीक. पण तो हेतू भीती होता, हे कशावरून?

ज्याची भीती वाटते त्याला माणूस घरात पुरतो का? गावाबाहेर, नदीपलीकडे नेऊन टाकेल! ज्याची पावलं काढली त्याला यांनी आपल्या झोपायच्या जागेखाली ठेवलं, जवळ अन्नपाण्याची भांडी ठेवली. 'तू येऊ नकोस' असं म्हणणाऱ्या माणसाचं हे वागणं दिसत नाही. 'तू जाऊ नकोस' असं म्हणणाऱ्याचं असू शकतं. मी हे सिद्ध केलंय असं समजू नका. पुरावा दोन्ही अर्थांना सारखाच पुरतो, आणि न्यायशास्त्रात अशा हेतूला अनैकांतिक म्हणतात. तो हेत्वाभास आहे. पण मग पुस्तकांत नेहमी एकच अर्थ का छापला जातो? मला वाटतं, भीतीचं स्पष्टीकरण आपल्याला सोयीचं पडतं. प्राचीन माणूस म्हणजे भित्रा, अडाणी, भुताखेतांत गुंतलेला, असं एकदा ठरवलं की आपण त्याच्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहतो.

मुलांची पावलं काढायची रीत नव्हती, हेही सांगायला हवं. भीतीवाले म्हणतील, मूल चालतच नव्हतं, त्याचं भय काय! माझ्या बाजूचा म्हणेल, मूल कुठे जाणार होतं, त्याला धरून ठेवायची गरजच नव्हती. बघा, इथेही पुरावा दोघांकडे सारखाच झुकतो.

आता एक माणूस मात्र वेगळा आहे. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं. धान्याचं कोठार लागून. गावच्या मुख्याचं घर असावं असा अभ्यासकांचा कयास. या घराच्या अंगणात एक मातीचा मोठा रांजण मिळाला, त्याला चार पाय. पोट चांगलं फुगलेलं. आत एक प्रौढ पुरुष, मांडी घालून बसवलेला. आणि त्याची पावलं जागेवर.

मुलांसाठीचे राखी घट ज्या घडणीचे आहेत तसे घट साठवणीलाही वापरत. म्हणजे घरातलंच भांडं. पण हा चार पायांचा रांजण कशासाठीच बनवता येणार नाही. धान्य ठेवायचं तर पाय कशाला? हा मुद्दाम, या एका कामासाठी घडवलेला आहे. मृतांसाठी घडवलेली माती म्हणायची तर आपल्याकडची ती ही. तिकडे मेक्सिकोत मूर्ती घडवून मृताच्या शेजारी ठेवली. इथे माणसालाच त्या आकृतीच्या पोटात ठेवलं. चार पाय, फुगीर पोट, आणि आत गुडघे मुडपून बसलेला माणूस. गर्भाशयाची आठवण बऱ्याच अभ्यासकांना झाली आणि ती मला पटते. पण त्याच वेळी चार पाय म्हणजे जनावरही असेल. दक्षिणेत, थोड्या नंतरच्या काळात, मद्रासजवळ पल्लावरमला मातीच्या शवपेट्या मिळाल्या, त्यांना खाली पायांच्या रांगा आहेत. आंध्रात संकावरमला मिळालेली शवपेटी तर चक्क मेंढ्याच्या आकाराची, डोकं-शिंगांसकट. ती चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहे. म्हणजे ज्या भांड्यात मृताला ठेवायचं त्याला जिवंत प्राण्याचं अंग द्यायचं, ही कल्पना या देशात एकट्या इनामगावची नव्हती.

हा रांजण कोणी घडवला? इनामगावला कुंभाराची मोठी गोल भट्टी सापडलीय. कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला होती, सधन शेतकरी मध्ये. म्हणजे कडेच्या कुंभाराने मधल्या माणसासाठी घडवला. मला त्या कुंभाराचं कुतूहल आहे. आतला माणूस जिवंत असताना सांगून ठेवलं होतं, की मेल्यावर घाईघाईने केलं? एवढा मोठा रांजण एका दिवसात होत नाही. हाताने वळायचा, सुकवायचा. मला तरी वाटतं आधीच करून ठेवला असणार. पण हे माझं, कुंभाराच्या बाजूने केलेलं अनुमान. पुस्तकात नाही.

मांडी घालून बसवलेला माणूस म्हटल्यावर दिघीच्या श्रोत्यांच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. दरवर्षी आपल्या दारावरून पालखी जाते ती त्याच समाधीहून निघते. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, बसून. संन्याशाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. नाथपंथीयांत तसंच, लिंगायतांतही बसवूनच. आणि तान्ह्या मुलालाही आपल्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पुरावं असं धर्मशास्त्रातही आहे, फक्त तिथे गावाबाहेर म्हटलंय. म्हणजे इनामगावात ज्यांना घटात ठेवलं ते दोघे, बाळ आणि मांडी घातलेला पुरुष, नेमके तेच दोघे आजही आपल्याकडे जाळले जात नाहीत! मला पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. मग सकाळी उठून स्वतःलाच दटावलं. साम्य म्हणजे परंपरा नव्हे. मधला दुवा दाखवा. तो मला दाखवता येत नाही. तरीही सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून सांगितलं. तुम्ही ते तेवढ्याच किमतीला घ्या.

इनामगावच्या मूर्तींबद्दल थोडंसं. आद्य जोर्वे काळातल्या एका घरात जमिनीखाली मातीची झाकणाची एक लंबगोल डबी मिळाली. आत स्त्रीची एक मूर्ती. डबीवर दुसरी स्त्रीमूर्ती, तिला डोकं नाही, आणि शेजारी बैल. बिनडोक्याच्या मूर्तीला पोटाशी भोक, बैलाला पाठीवर भोक. काडी घातली की बाई बैलावर बसते. कच्च्या मातीच्या, ओबडधोबड आहेत. कोणी म्हणतं मातृदेवता, कोणी बिनडोक्याच्या रूपावरून लज्जागौरीकडे बोट दाखवतं. असेल. गंमत अशी, की कोणा मृताच्या उशाशी नाही, स्वतंत्र पुरलेली. म्हणजे माणसं भांड्यात पुरली आणि देवी डबीत पुरली. याच्यावर वेगळं व्याख्यान होईल, आज नको.

आता भांड्यांकडे परत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला घट म्हटलं की वेदान्त आठवतो. घटाकाश आणि महाकाश. गौडपादांच्या कारिकांमध्ये हा दृष्टान्त विस्ताराने आला आहे. मडक्याच्या आत जी पोकळी आहे ती बाहेरच्या आकाशाहून वेगळी भासते, मडकं फुटलं की वेगळेपणा संपतो. स्मशानात आपण काय करतो? पाण्याचं मडकं खांद्यावर, त्याला दगडाने भोकं पाडत तीन फेऱ्या, आणि शेवटी मागे न बघता ते फोडायचं. घट फुटला. इनामगावच्या लोकांनी नेमकं उलट केलं. त्यांनी घट फुटू दिला नाही. दोन घटांची तोंडं जुळवून बंद केली. मी पस्तीस वर्षं वर्गात घटाकाश शिकवलं आणि मला कधी वाटलं नाही, की या दृष्टान्तात आत कोणी असेल. आकाश सोडून दुसरं काही.

थडग्यात वस्तू ठेवल्या म्हणजे त्या लोकांचा परलोकावर विश्वास होता, हे वाक्य तुम्हाला प्रत्येक पुस्तकात मिळेल. शाळेच्याही. मी त्याच्याविरुद्ध एकच साक्ष देतो आणि ती घरची आहे.

मी सहा वर्षांचा असताना माझी धाकटी बहीण गेली. आठ महिन्यांची होती. तापाने. गावाकडे तेव्हा डॉक्टर नव्हता. वडिलांनी तिला धोतराच्या पांढऱ्या तुकड्यात गुंडाळलं आणि चुलत्यांबरोबर ओढ्याच्या अंगाला न्यायला निघाले. आई दारापर्यंत आली आणि 'थांबा' म्हणाली. आत गेली आणि बोंडलं घेऊन आली. आता इथे तरुण मंडळी आहेत त्यांना सांगतो, बोंडलं म्हणजे बाळाला दूध पाजायचं छोटं तोटीचं भांडं. पितळेचं होतं. तिने ते त्या गुंडाळलेल्या कापडात, हाताशी खोचलं. चुलते म्हणाले, वहिनी, पुढच्याला लागेल. आई काही बोलली नाही. वडील म्हणाले, राहू दे.

पुढच्याला लागलं. माझा भाऊ झाला तेव्हा आईने वाटीचमच्याने पाजलं, दुसरं बोंडलं घेतलं नाही.

माझी आई नव्वद वर्षं जगली. शेवटच्या काळात मी तिला विचारलं होतं, त्या वेळी तुला काय वाटलं होतं, ती वर कुठे दूध पिईल असं? आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, पिईल कशी, मेली होती ना ती.

मंडळी, ह्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केलाय. तीन हजार वर्षांनी कोणी त्या ओढ्याकाठी खणलं आणि कुजलेल्या पितळेचं तोटीचं भांडं मिळालं, तर तो लिहील की या समाजात मृत बालकाला परलोकात अन्न लागतं अशी श्रद्धा होती. त्याचं अनुमान नियमाला धरून असेल, आणि चूक असेल. माझ्या आईची काही श्रद्धा नव्हती असं नाही, सोमवार धरत होती. पण ते बोंडलं तिने श्रद्धेपोटी ठेवलं नाही. ते त्या मुलीचं होतं, एवढंच. दुसऱ्याच्या तोंडाला ते लागणार नव्हतं.

म्हणून डेक्कन कॉलेजात त्या दोन राखी घटांजवळ तोटीचं भांडं पाहिलं, तेव्हा विद्यार्थी पुढे निघून गेले आणि मी राहिलो. जोर्वे तोटीचं भांडं मोठ्यांच्या दफनांतही असतं, ते बोंडलंच होतं असं मी बिलकुल म्हणणार नाही. पाण्याचं असेल. पण थडग्यातली वस्तू ही कायम परलोकाबद्दलचं विधान असते, हा नियम माझ्यापुरता तिथे मोडला.

मग काहीच सांगता येत नाही का? येतं. हाडं सांगतात, आणि श्रद्धेपेक्षा भरवशाचं सांगतात. ल्यूकाक्स आणि वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास १९८० च्या दशकात प्रसिद्ध केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या विदुषीने नेवासे, दायमाबाद, इनामगाव इथल्या बाळांची हाडं मोजली; तिचं पुस्तक २०११ चं. उत्तर जोर्वे काळातल्या बाळांची वाढ खुरटलेली होती. इसवी सनापूर्वी १००० नंतर या खोऱ्यांतली बरीच गावं उठली, इनामगाव तग धरून राहिलं, पण मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, भांड्यांची घडण उतरली. शिकारीवर भर वाढला. आणि पुरलेली मुलं चालूच. दुष्काळात, चूल जेमतेम पेटत असताना, त्यांनी प्रत्येक वेळी घट बाजूला काढले आणि तोंडाला तोंड लावून ठेवले. रीत सोडली नाही.

आता शेवटी भोसरी. मघाशी म्हटलं होतं येतो म्हणून.

भोसरीच्या परिसरात मोठ्या दगडांची वर्तुळं असल्याच्या नोंदी जुन्या लिखाणात आहेत. अशा शिळावर्तुळांचा खजिना विदर्भात, नागपूरच्या आसपास आहे. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड. ती लोहयुगातली, इनामगावच्या शेवटाशी लागून आणि त्यानंतरची. माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडे पुरलेत, घोड्यांचे तांब्याचे दागिने मिळालेत. म्हणजे आपण बसलो आहोत त्या दिघी-भोसरीच्या माळावरही कोणीतरी दगड रचून आपल्या माणसांची जागा राखली होती. आज तिथे एमआयडीसी आहे. मी तक्रार करत नाही, समोर बसलेल्या निम्म्या लोकांची घरं त्याच एमआयडीसीवर चालली. पण आपल्या पट्ट्यात रोज किती ठिकाणी पाया खणला जातो? चाकणपर्यंत जा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेसीबी.

मघाशी त्या तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी चहाच्या वेळी विचारलं होतं, ते आता सगळ्यांसाठी सांगतो. पाया खणताना गाडगी-मडकी निघाली, हाडं निघाली तर काय करायचं? पहिलं, मशिन थांबवा. दुसरं, काही उचलू नका, अगदी चांगलं अख्खं भांडं दिसलं तरी. ते घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवलंत की तो कोलिमाचा कुत्रा झाला. देखणा आणि मुका. तिसरं, मोबाईलने फोटो काढा, जागेवरच, बाजूला एखादी पट्टी किंवा पेन ठेवून, म्हणजे आकार कळेल. आणि तहसीलदाराला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आहे, डेक्कन कॉलेजही आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती द्यायचा कायदा १८७८ पासून आहे, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट.

आपलं काम थांबेल, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. खरी भीती आहे, बँकेचा हप्ता थांबत नाही. काही दिवस थांबेल, हे मी नाकारत नाही. पण भांडं कसं पडलंय, आडवं की उभं, तोंड कुठल्या दिशेला, दुसरं भांडं त्याच्या तोंडाशी आहे का, एवढं जरी कोणी जाणकाराने येऊन टिपलं तरी पुष्कळ झालं. दोन मडकी शेजारी शेजारी पडली आहेत आणि दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवली आहेत, यांतला फरक जेसीबीच्या एका बकेटमध्ये नाहीसा होतो.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. तो माईक जरा मागे द्या.